वरणाआधी पाऊण तास

नागपूरच्या डॉक्टरनं हात पाहिलाच नाही आधी.
विचारलं, "पोट साफ होतं का?"
बाबा छताच्या पंख्याकडे पाहू लागले,
आणि आई, जी दवाखान्यात कधी बोलत नाही,
म्हणाली, "बारा वर्सं झाले. नाई होत."

बारा वर्षं.
म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून,
इसबगोलच्या त्या चेपलेल्या डब्यापासून,
बाबा टमरेल घेऊन गेले की
पोरं शाळेत पोचली तरी परत यायचे नाहीत
आणि शेजारचे वामनकाका कुंपणावरून ओरडायचे,
"रुपराव पेंटर गेले वाटते अमरावतीले!"
आम्ही हसायचो. बाबाही.

मग नाक गेलं.
फोडणी जळून कोळसा, घरभर धूर,
आणि चुलीपाशी बसलेले बाबा विचारतात,
"काऊन खोकलता बे सारे?"
डब्यात टर्पेंटाइन आहे की घासलेट
हे माझ्याकडून हुंगून घ्यायचे.
आम्हाला वाटलं, सर्दी.

मग अक्षरं.
फाट्यावरच्या भिंतीवर त्यांनीच लिहिलेलं,
'हागणदारीमुक्त गावात आपले स्वागत आहे'.
पहिला शब्द वीतभर,
'आहे' करंगळीएवढं.
सरपंच म्हणाले, पेंटरनं रंग वाचवला.
माणूस आटत चाललाय
हे त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या मलाही दिसलं नाही.

डॉक्टरनं कागदावर आतडं काढलं, वर डोकं,
मधे एक लांब नस.
म्हणाला, कधीकधी हा आजार खालून वर चढतो,
सगळ्यांचा नाही,
आणि कसा, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही.
आईनं एवढंच ऐकलं: पोट.
"म्हंजे म्या काई वंगाळ खाऊ घातलं काय?"
तो नाही म्हणाला. दोनदा म्हणाला.

येताना एसटीत, कळंबपासून घरापर्यंत,
ती चाळीस वर्षांची ताटं उलगडत बसली.
कण्या. अंबाडीची भाजी. जवसाची चटणी.
मग ज्वारी पेरणं बंद झालं ते साल,
सोयाबीन आलं ते साल,
रेशनचे गहू, पोराच्या दुकानातले टोस्ट.
आणि फवारणीचे रिकामे डबे,
जे बाबा राखेनं घासून त्यात रंग कालवायचे.
एकेकावर बोट ठेवायची, उचलायची.
कुणीच कबूल झालं नाही.

आता आमच्या घरात भांडण आहे ते गोळीचं आणि वरणाचं.
दोघांना आतड्याच्या एकाच दारातून आत जायचं असतं,
वरण आधी शिरलं तर गोळी उंबऱ्यावर ताटकळते
आणि बाबा खाटेवर लाकडासारखे.
म्हणून आमच्याच बांधावरची तूर
रात्रीच्या ताटात गेली.
आईला घड्याळ कळत नाही.
पुसदची गाडी हॉर्न देते तेव्हा गोळी,
शाळेत प्रार्थना संपते तेव्हा भाकर, अंबाडी,
वरून तेलाची धार.
मधल्या वेळात कोणी बोलायचं नाही.
हात मांडीवर असतो.
हळूहळू, दमलेल्या पाखरासारखा, बसतो.

त्याच वेळात ते कधी ब्रश मागतात.
न्हाणीच्या भिंतीवर, गेरूनं,
ज्या दिवशी पोट साफ झालं त्या दिवशी एक रेघ.
पोळ्यापासून एकोणीस.
आयुष्यभर त्यांनी गावाला पाट्या लिहून दिल्या,
दुकानं, शाळा, 'येथे थुंकू नये',
आईला त्यातलं एक अक्षर लागलं नाही.
हे मात्र ती रोज वाचते,
पदर खोचून, मोजून, बोटानं.

आज वाचताना थबकली.
"दोन वाटते आज?"
बाबा भिंतीकडे बघत राहिले थोडा वेळ.
"नाई. एकच हाय.
हात हालला."